बायरने नाकारलेलं ताट

वाल्मीक ढोमसे यांनी आयुष्यात द्राक्षं खाल्ली थोडी आणि नाकारली फार. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये एकतीस हंगाम त्यांनी एवढं एकच काम केलं. शेतकरी क्रेट घेऊन यायचा, वाल्मीकराव त्यातला एक घड देठाला धरून दिव्याखाली उचलायचे, एकदा इकडून आणि एकदा तिकडून बघायचे आणि "नाय" म्हणायचे. हो म्हणायची वेळ आलीच तर नुसती मान हलवायचे. चांगल्या मालाचं तोंडावर कौतुक केलं की शेतकरी शेफारतो, असं त्यांचं मत होतं, आणि त्यांची मतं बदलत नसत.

मणी दाबून बघणं, फोडून बघणं, चाखून बघणं हे सगळे त्यांच्या लेखी शिकाऊ लोकांचे उद्योग. गोडी मोजायचं यंत्र त्यांच्या टेबलावर नुसतं पडून असायचं. वरून कुणी तपासणीला आलं की त्याच्यावरची धूळ तेवढी झटकली जायची. "उघडून बघावं लागतं तो पारखी कसला," हे वाक्य त्यांनी दोन मालकांना, तीन मॅनेजरांना आणि अख्ख्या निफाड तालुक्याला ऐकवलं होतं. ऐकून घेतलं जायचं, कारण हॉलंडला गेलेला कंटेनर परत आला असं त्यांच्या कारकिर्दीत दोनदाच झालं. त्या दोन्ही वेळी चूक हॉलंडची होती, असं ते अजूनही सांगतात.

असा माणूस संध्याकाळी घरी येताना आपली पारख कामावर ठेवून येत नाही. घरात आलेला पडदा, शेजाऱ्याची नवी गाडी, लग्नातलं जेवण, सगळं देठाला धरून दिव्याखाली उचललं जायचं. मुलगी चैताली हिला बघायला आलेली सहा स्थळं त्यांनी चहा बाहेर येण्याआधीच नाकारली. सातवं तिने स्वतःच ठरवलं आणि ठरल्यावर कळवलं. जावई चांगला निघाला, पण हे वाल्मीकरावांनी कधी बोलून दाखवलं नाही; एकदा मान हलवली, त्यात काय ते आलं.

त्यांची बायको मनीषा घरी ब्लाऊज शिवायची. हातात आलेलं कुठलंही कापड आधी उलटं करून आतली शिवण बघायची तिला सवय होती. नवऱ्याच्या मतांना ती बत्तीस वर्षं "हं" एवढं उत्तर देत आली होती. त्या "हं"चा अर्थ होकार असतो, अशी वाल्मीकरावांची समजूत होती आणि त्या समजुतीवर ते सुखात होते.

आता बायर. पॅकहाऊसमध्ये परदेशी खरेदीदाराला बायर म्हणतात, आणि बायर आला म्हटलं की मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे सरळ उभे राहतात. वाल्मीकरावांच्या बायरला मात्र शेपटी होती. तो कोल्ड स्टोअरेजच्या मागे उंदरांवर जगणारा, पिवळा, रुंद तोंडाचा बोका. खायला काही टाकलं की आधी चारी बाजूंनी हुंगायचा, मग दोन पावलं मागे सरकून विचार करायचा आणि मग आपल्यावर उपकार केल्यासारखा खायचा. हॉलंडचा माणूस अगदी अस्संच करतो, असं वाल्मीकराव म्हणाले आणि तेच नाव पडलं. पुढे तपासणी निघाली. आवारात जनावर चालत नाही, असा नियम निघाला, आणि नियमाप्रमाणे बोक्याला नाकारायचं काम अर्थातच वाल्मीकरावांकडे आलं. त्यांनी कागदावर "प्राणी आढळला, हटवला" असं लिहिलं. मग बोक्याला क्रेटमध्ये घातलं, वर दुसरा क्रेट उलटा ठेवून नायलॉनच्या दोरीने बांधला आणि टेम्पोत बसून आडगाव नाक्याजवळच्या आपल्या रो-हाऊसमध्ये घेऊन आले. नाकारलेला माल घरी आणायची ती त्यांची पहिलीच वेळ.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते निवृत्त झाले. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ पाच मिनिटं मागे चालतं, हे त्यांनी समारंभातच सांगून टाकलं. त्यानंतर फोन यायचे बंद झाले. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली, बागांमध्ये धावपळ उडाली, पण ढोमसे भाऊ, यंदा काय म्हणता, असं विचारायला एकाचाही फोन आला नाही. त्यांच्या जागी कुणी बीएस्सी झालेली बाई आली होती आणि ती मणी फोडून, रस काढून, यंत्रावर आकडा बघून माल घेते, अशी बातमी मात्र लगेच पोचली.  वाल्मीकराव अंगणात खुर्ची टाकून बसायला लागले. समोर बायर बसायचा. यंदाच्या हंगामाबद्दलची त्यांची सगळी मतं त्याने डोळे अर्धे मिटून ऐकली. खरं सांगायचं तर त्या घरात त्यांना तेवढाच एक श्रोता उरला होता, आणि त्याच्यावर त्यांचा फार जीव होता.

आणि त्याच बायरने खाणं सोडलं.

सुरुवात झाली ती पाकिटातल्या कडक दाण्यांपासून. बायरने दोन दाणे तोंडात घेतले, मान एका बाजूला वाकडी केली, एक दाणा फरशीवर पाडला आणि निघून गेला. वाल्मीकरावांनी पाकीट उलटसुलट केलं, तारीख वाचली, दाण्यांचा वास घेतला.

"माल जुना हाय," ते म्हणाले.

"हं," मनीषा म्हणाली.

नवं पाकीट आलं. तेही नाकारलं गेलं. मग दूध-पोळी. मग डेअरीचं दूध बंद करून गवळ्याचं दूध. त्यानंतर उकडलेली कोंबडी, पुढे कोंबडीची फक्त कलेजी, पुढे सुके बोंबील, पुढे ओले मासे. दर वेळी प्रकार तोच. ताटलीचा आवाज झाला की बायर धावत यायचा, ओरडायचा, पायात घोटाळायचा, वास घ्यायचा, तोंड लावायचा. आणि मग एकदम मागे सरून ताटलीवरच फिस्कारायचा आणि जिन्याखाली जाऊन बसायचा. वाल्मीकराव ताटली उचलायचे, दिव्याखाली धरायचे आणि तिच्यात नवा दोष शोधून काढायचे. दोष त्यांना सापडला नाही, असं कधी झालंच नव्हतं. मासा कालचा होता. कलेजी जास्त शिजली. बोंबलाला खारट वास मारतोय.

आता एखादा म्हणेल, बोक्याला काय होतंय ते तरी बघा. वाल्मीकरावांनी बघितलं की. डोळे स्वच्छ, नाक ओलं, कान ताठ, कुठे जखम नाही. म्हणजे जनावर एक नंबर. मग खोट कुठे असणार, तर मालात. एकतीस वर्षं त्यांनी हेच बघितलं होतं. ज्याच्यापुढे ताट ठेवायचं तो बायर, आणि बायरने माल नाकारला तर माल बदलायचा असतो. बायरला कुणी तोंड उघडा म्हणत नाही.

हनुवटी ओली दिसायची. लाळ गळतेय, म्हणजे खायची इच्छा भरपूर आहे, मालच मनासारखा मिळत नाही, असा निष्कर्ष निघाला. बायर पंजाने सारखा गाल खरवडायचा. मिशा साफ करतोय, स्वच्छ जनावर आहे, अशी नोंद झाली. अंगावरचे केस विस्कटलेले राहायला लागले, कारण बायरने स्वतःला चाटणं सोडलं होतं. त्याचं खापर ऑक्टोबरच्या उन्हावर फुटलं. एवढ्या बारकाईने बघून इतकं चुकायला अनुभव लागतो.

"त्याच्या तोंडात काही झालं असेल," मनीषा शिलाई मशीनवरून म्हणाली. "उघडून बघा ना एकदा."

वाल्मीकरावांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. यंत्राने गोडी मोजणाऱ्या बाईकडे त्यांनी असंच बघितलं असतं.

शेजारी भिकन पगारे राहायचे. देवळाली कॅम्पच्या तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, कॉलनीतल्या बुद्धविहाराचे खजिनदार, आणि सल्ला देताना समोरच्याने विचारला आहे की नाही याची वाट न बघणारे. ते कुंपणाला टेकून दोन दिवस हा सगळा प्रकार बघत होते.

"भाऊ, तुम्ही लाडावून ठेवलंय त्याला," ते म्हणाले. "फौजेत एक जण दुधी खात नव्हता. दोन टाइम मेस बंद. तिसऱ्या टाइमला स्वतः वाटी घेऊन आला. भूक म्हणजे सबसे बडा डॉक्टर."

"पण पगारे साहेब, तो मुळातच कमी खातोय."

"म्हणून तर म्हणतोय. चोवीस तास काही म्हणता काही द्यायचं नाही."

बायर आधीच दोन दिवस जवळपास उपाशी होता. त्याला आणखी एक दिवस शिस्तीत उपाशी ठेवण्यात आलं. चोवीस तास संपल्यावर हवालदार घड्याळ बघून आले, वाल्मीकरावांनी ताज्या माशाचे तुकडे ठेवले आणि दोघे पुरुष निकालाची वाट बघत उकिडवे बसले. बायर आला. चालताना मागचे पाय जरा फाकत होते. त्याने वास घेतला, डोळे मिटले आणि ताटलीपासून वीतभर अंतरावर तसाच बसून राहिला. खाल्लं नाही आणि गेलाही नाही.

"जिद्दी आहे," हवालदार म्हणाले.

वाल्मीकरावांनी त्याला उचललं तेव्हा ते दचकले. पॅकहाऊसमधून आणला तेव्हा क्रेट उचलताना त्यांच्या मनगटाला कळ आली होती. आता हाताला बरगड्या लागत होत्या. माणसाच्या हाताला वजन कळतं, आणि या माणसाचा हात तर आयुष्यभर वजनावरच जगला होता.  हा मरेल, असं त्यांना पहिल्यांदा स्वच्छ वाटलं, आणि त्यावर काढायला त्यांच्याकडे कुठलाही दोष शिल्लक नव्हता.

घाबरून त्यांनी माशाचा तुकडा बोटात धरला आणि बायरच्या ओठाशी कोंबला. बायर चवताळला. त्याने जबडा उघडून त्यांचा अंगठा पकडला, आणि पकडता पकडताच किंचाळून सोडून दिला. अंगठ्यावर साधा ओरखडाही नव्हता.

"बघा," वाल्मीकराव अंगठा पुढे करत म्हणाले. "एवढा उपाशी असून मला चावला नाही. जनावराला माया असते."

मनीषा दारात उभी होती. ती पुढे आली आणि तिने नवऱ्याचा अंगठा वळवून बघितला. त्यावर लाळ होती, आणि लाळेत दोऱ्याएवढी बारीक लाल रेघ.

"माया नाही," ती म्हणाली. "चावायला गेला होता. चावता आलं नाही त्याला. दात दुखतोय."

हवालदारांनी लगेच धोरण बदललं. आपल्याकडे क्रोसिन आहे, पाव गोळी दुधात द्या, नाहीतर लवंगेचं तेल लावा, म्हणाले, आणि आणायला निघालेही. मनीषाने त्यांना फाटकाशीच थांबवलं.

"भाऊजी, काही आणू नका. मी रिक्षा बोलावलीय."

"कशाला?" वाल्मीकराव म्हणाले.

"उघडून बघायला," मनीषा म्हणाली.

तेच दोन क्रेट, तीच नायलॉनची दोरी. गंगापूर रोडच्या दवाखान्यात डॉ. संजना केदारे नावाच्या, तिशीच्या, शांत बाई होत्या. वाल्मीकरावांनी त्यांना उभ्या उभ्या सगळा अहवाल दिला: कुठल्या दिवशी कुठला माल ठेवला, त्यात काय खोट होती, बायरची बाहेरून स्थिती कशी एक नंबर आहे. डॉक्टरांनी तो न तोडता ऐकला. मग बायरला टॉवेलमध्ये गुंडाळलं, एका हाताने त्याचं डोकं मागून धरलं आणि दुसऱ्या हाताने ओठ हळूच वर केला. दोन सेकंद लागले असतील. बायर असा ओरडला की बाहेर बसलेली कुत्री गप्प झाली.

"या, बघा काका," डॉक्टर म्हणाल्या.

वाल्मीकराव वाकले. आधी वास आला. कुजलेल्या घडाचा वास त्यांना दहा क्रेटांच्या खालून ओळखता यायचा. हा त्याहून वाईट होता आणि तो इतके दिवस त्यांच्या मांडीवर बसत होता. आतल्या हिरड्या लालभडक, सुजलेल्या. घशाकडची बाजू कच्च्या मांसासारखी. एका दाढेच्या बुडाशी गुलाबी खळगा.

"माणसाच्या दाताला लागते तशी ही कीड नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मांजराचा दात आतून, मुळाकडून झिजत जातो. कशाने, ते अजून नीट कुणालाच माहीत नाही. बाहेरून दात पांढरा दिसतो आणि आत नस उघडी पडलेली असते. त्यात हिरड्याही सुजल्यात. असे किती दात आहेत ते एक्स-रे काढल्यावर कळेल. ते काढावे लागतील. आधी रक्त तपासते आणि सलाइन लावते. तीन-चार दिवस पोटात काही गेलं नाही की मांजराच्या लिव्हरवर येतं. अजून दोन दिवस थांबला असता तर कठीण होतं. घरातली कुठली गोळी नाही ना दिली?"

"क्रोसिन देणार होतो, पाव."

"पाव गोळीनेही मांजर मरतं, काका. लवंगेचं तेलही नाही चालत."

 वाल्मीकरावांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"पण मॅडम," ते म्हणाले, "त्याला माल पसंत नव्हता. मी सगळं बदलून बघितलं. धावत यायचा, वास घ्यायचा आणि नाकारायचा."

"ज्याची भूक गेलीय ते मांजर ताटाकडे फिरकतच नाही. हा येत होता. म्हणजे पोट मागत होतं आणि तोंड घेऊ देत नव्हतं. तो ताटात काही खोट काढत नव्हता. ताटापाशी गेलं की दुखतं, एवढंच त्याला कळत होतं." डॉक्टर बायरच्या पुढच्या पायाचे केस कापायला लागल्या. "दुखतंय असं मांजर सांगत नाही. तुम्हीच समजून घ्यायचं असतं."

खुर्ची शेजारीच होती म्हणून बरं झालं. वाल्मीकराव तिच्यावर बसले, आणि त्यांना बोका दिसेनासा झाला. त्यांना त्यांची आई दिसायला लागली.

बायडाबाई. अकरा वर्षांपूर्वी गेली. शेवटचं वर्षभर ती रोज दुपारी ताटावर यायची. बोलवावं लागायचं नाही, भाकरीचा वास आला की स्वतःहून भिंत धरत यायची आणि पाटावर बसायची. एक घास घ्यायची, तो तोंडात बराच वेळ इकडून तिकडे फिरवायची आणि मग म्हणायची, "पोट भरलं माझं." पदर कायम गालाशी धरलेला. तो मर्यादेने धरलाय, असं वाल्मीकरावांना वाटायचं. आई नाकारतेय म्हणजे भाकरीत खोट आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. ते ताटातली भाकरी उचलायचे, दिव्याखाली धरायचे. कड कच्ची राहिली. पीठ जुनं हाय. तवा नीट तापला नव्हता. मनीषाने त्या वर्षात तीन गिरण्या बदलल्या, बाजरी स्वतः निवडली, एकेका दुपारी दोन-दोनदा भाकऱ्या थापल्या. एकदा तर वाल्मीकरावांनी चार नातेवाइकांदेखत सांगितलं होतं की माझ्या आईच्या घशाखाली उतरेल अशी एक भाकरी या घरात होत नाही. मनीषा तेव्हाही "हं" म्हणाली होती. आई वाळत वाळत गेली. त्यानंतर मनीषाने घरात भाकरी केली नाही. माझा हात बसत नाही, म्हणायची, आणि नाक्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणायची.

आईच्या तोंडात किती दात होते, वाल्मीकरावांनी आठवून बघितलं. त्यांना आठवेना. त्यांनी बघितलेच नव्हते. साठ वर्षांच्या माणसाला आपल्या आईच्या तोंडात काय होतं ते माहीत नव्हतं, आणि त्याला लोक तालुक्याचा पारखी म्हणत होते.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय, ठीक हाय," ते म्हणाले.

दोन दिवस सलाइन चढलं, तिसऱ्या दिवशी भूल देऊन बायरचे नऊ दात काढले. डॉक्टरांनी ते एका बाटलीत घालून दाखवले. वाल्मीकरावांनी ती खिडकीकडे धरली. वरून बघितलं तर नऊपैकी सहा दात त्यांनी बेधडक पास केले असते. बाटली कलती केल्यावर मुळं दिसली, आणि मुळं जवळजवळ उरलीच नव्हती. त्यांनी बाटली गुपचूप टेबलावर ठेवली.

"आता दुखणं संपलंय," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्याला ते लगेच कळेल असं नाही. काही मांजरं ताटाला घाबरून राहतात. मऊ, कोमट काहीतरी द्या. उद्यापर्यंत आपणहून नाही खाल्लं तर परत आणा, मग नळीने भरवावं लागेल. आणि काका, सारखं बदलू नका."

घरी आणल्यावर बायर जिन्याखाली जाऊन बसला. मनीषाने कोंबडी मऊ शिजवून, कुस्करून, कोमट पाणी घालून ताटली ठेवली. तो आला नाही. संध्याकाळी आला, वास घेतला, थांबला आणि परत गेला. हवालदार कुंपणावरून बघत होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मनीषाकडे बघून मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. वाल्मीकरावांचा हात दोनदा ताटलीकडे गेला.

"मासा आणू का?" त्यांनी विचारलं.

"काही आणू नका. कोंबडीत काही खोट नाहीये."

ते फरशीवर बसले. मांडी घालून बसायची सवय मोडली होती, गुडघे कुरकुरले. दवाखाना पाच वाजेपर्यंत उघडा होता आणि दुपारचे दोन वाजून गेले होते. बायर जिन्याखालून बघत होता. वाल्मीकरावांनी हंगामावर मत दिलं नाही, कोंबडीवरही दिलं नाही. मनीषाने मशीन बंद केलं आणि तीही भिंतीला टेकून खाली बसली.

तीनच्या सुमाराला बायर उठला. आला. चारी बाजूंनी हुंगलं. दोन पावलं मागे सरला.  मग बायरने मान खाली घातली आणि जीभ लावली. एकदा लावली आणि थांबला, दुखण्याची वाट बघत. ते आलं नाही. त्याने परत जीभ लावली. मग मात्र मान वर काढलीच नाही. दात नसलेल्या बाजूने घास बाहेर सांडत होता, तो फरशीवरून चाटून घेत होता, घशातून गुरगुर चालली होती. ताटली सरकत सरकत भिंतीला लागली, तरी तो तिच्या मागे मागे जात खात राहिला.

वाल्मीकरावांचे डोळे वाहायला लागले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"आईला चावता येत नव्हतं," ते बायरकडे बघत म्हणाले. "दात दुखत असणार तिचे. मी कधी बघितलंच नाय. भाकरी चांगली होती तुझी."

 बायरने ताटली पुसून घेतली होती आणि तो आता रिकाम्या ताटलीवर जीभ फिरवत होता. मनीषा बोलली तेव्हा तिचा आवाज वाल्मीकरावांना ओळखू आला नाही.

"म्हणजे माझ्या हाताने उपाशी नाही मेल्या त्या?"

अकरा वर्षं हे तिच्या मनात होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"नाय," वाल्मीकराव म्हणाले. "तुझ्या हाताने नाय."

मनीषाने मान हलवली. मग तिने ताटली जवळ ओढली आणि पातेल्यातलं उरलेलं सगळं बोक्याला वाढलं.